तोट्याची वही : मे २०२२ ते मे २०२३

११ मे २०२२, बुधवार

जिनिंगचा हंगाम आटोपत आला. दिवसभरात गेटवर तीनच गाड्या. कापूस बारा हजारांच्या पुढे गेला, पण आता तो कोणाच्या घरी उरलाच नाही. डिसेंबरात विकून मोकळे झालेले लोक नुसता भाव विचारायला फोन करतात आणि फोन ठेवताना स्वतःलाच शिव्या घालतात.

दुपारी साळ्याचा फोन आला, ॲपवर घेतलेल्या त्याच्या लुना नावाच्या क्रिप्टो नाण्याबद्दल. "भाऊजी, लुना पाह्यला काय? काल तेवीसशेले होता, आता तीनशेवर आला. अजून वीस हजाराचा घेऊन टाकू काय?"

"घेऊन टाकू काय" हे विचारणं नव्हतं, सांगणं होतं. संध्याकाळी कळलं की फोन केला तेव्हा वीस हजार आधीच गेले होते. कालचे वीस हजार त्याच्या आधी, आणि एप्रिलमधले सत्तर हजार त्याच्याही आधी. एकूण एक लाख दहा हजार.

सात हजारांच्या भावानं घेतलेले दहा लुना, तेवीसशेनं साडेआठ-नऊ, तीनशेनं सहासष्ट. कागदावर सरासरी काढली तर तेराशेच्या आत आली. म्हणजे ॲव्हरेज झकास झाली. साळा त्यावर खुश आहे.

१३ मे, शुक्रवार

लुना पैशांत आला. रुपयाच्या खाली, मग दहा पैशांच्या खाली, मग ॲपवर शून्याच्या पुढे शून्यं. लुना ज्या ब्लॉकचेनवर चालतो ती साखळीच काल आणि आज थांबवली होती. इथल्या ॲपवर खरेदी-विक्री बंद झाली.

रात्री बसून हे झालं कसं ते वाचलं. यूएसटी नावाचं त्यांचंच दुसरं नाणं, एक डॉलरला बांधलेलं. एक यूएसटी परत दिला की एक डॉलर किमतीचे नवे लुना छापून मिळणार. लुना ऐंशी डॉलरला असताना एका यूएसटीमागे छापायचा तो लुनाचा चिमूटभर तुकडा. लुना एक डॉलरला आल्यावर अख्खा एक. एका सेंटला आल्यावर शंभर. शनिवारपासून लोक यूएसटीतून पळाले तसे लुना छापले गेले, छापले तसा भाव पडला, भाव पडला तसे आणखी छापले. सुमारे ३४ कोटी लुना होते, ते आठवड्यात साडेसहा लाख कोटी झाले. साळ्यानं तीनशेला जे घेतलं ते स्वस्त नव्हतं. छापखाना सुरू असताना घेतलेलं होतं.

त्यानं स्टॉप-लॉस लावला होता हेही खरं. पाच हजारांवर भाव आला की ऑर्डर जागी होणार, आणि चार हजार नऊशेच्या खाली विकायचं नाही, अशी स्टॉप-लिमिट. भाव पाच हजारांवरून खाली आला तो इतका दणक्यात की चार हजार नऊशेला घेणारा कोणी उरलाच नव्हता. ऑर्डर जागी झाली आणि तशीच टांगून राहिली. त्या वेळी दुकानात लाइट नव्हती, मोबाइल पाच टक्क्यांवर. मोबाइल रिचार्जचं दुकान चालवणाऱ्याची ही कथा.

१५ मे, रविवार

आज आमच्या ओसरीत चौघं बसलो आणि या वहीत सगळ्यांचा हिशेब मांडायला सुरुवात केली. साळा, वर्ध्याला इंजिनिअरिंगला असलेला भाचा, शेजारचे निवृत्त गुरुजी आणि मी. मी जिनिंगमध्ये हिशेब ठेवतो, म्हणून वही माझ्याकडे.

नव्या पानावर चार रकाने आखले : काय घेतलं, कितीला घेतलं, किती घेतलं, आज किती.

गुरुजींनी नोव्हेंबरात ५० हजारांचं बिटकॉइन घेतलं होतं, जवळपास अगदी माथ्यावर. ६९ हजार डॉलरच्या आसपासचा तो विक्रमी भाव आणि गुरुजींची आयुष्यातली पहिली खरेदी एकाच आठवड्यातली. मी त्याच महिन्यात इथर या दुसऱ्या नाण्याचा अर्धा भाग घेतला, ३ लाख ४० हजारांच्या भावानं, म्हणजे १ लाख ७० हजार. भाच्याकडे रोख नाणं नाहीच, परदेशी ॲपवर दहा पट उधारीचे सौदे आहेत. साळ्याचा रकाना भरताना कोणी बोललं नाही. त्याच्याकडे शिबा नावाचं नाणंही निघालं, तीनशे रुपयांचं. त्या कुत्र्याच्या चित्रावर हसून घेतलं, तेवढीच मोकळी हवा.

मग गुरुजींनी पंचांगाचा एक जुना कागद फाडला आणि "कितीला घेतलं" या रकान्यावर उभा ठेवला. म्हणाले, "हा रकाना फक्त आपल्याला माहीत आहे, बाजाराला नाही. तो झाकून सांगा, आज एवढेच पैसे हातात रोख असते तर हेच घेतलं असतं का?"

प्रश्न चांगला होता. अडचण एवढीच झाली की चौघांनीही "हो, घेतलं असतं" असं उत्तर दिलं. साळ्यानंसुद्धा.

१६ मे, सोमवार

बाबा बैलगाडीच्या चाकाचे आरे बसवत होते, तेव्हा त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांना बिटकॉइन म्हणजे काय ते कळत नाही, कळून घ्यायचीही इच्छा नाही. पण लुनाचं ऐकून हातातलं काम थांबवलं.

"दुबार पेरणी कवा करावं लागते? पाणी नाही आलं तं. बियाणंच बोगस निघालं तं तेच बियाणं पुन्हा कोण टाकते बे?"

वहीत लिहून ठेवलं. भाव पडल्यावर पुन्हा घेणं म्हणजे दुबार पेरणी. ती करण्याआधी बी उगवतं का ते पाहायचं. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो, सत्तर उगवले तर बियाणं चालतं. नाण्याला असं पोतं कोणतं? माझ्या परीनं मी हे धरलं : नवी नाणी किती आणि कोणत्या नियमानं निघतात, तो नियम कोणी एकटा बदलू शकतो का, आणि भाव पडल्यामुळेच ते नाणं आणखी बिघडतं का. बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर निघणार नाही, भाव काहीही असो. लुना शेवटच्या प्रश्नावरच मेला.

यातून भाव वर जाईल हे सिद्ध होत नाही. चांगल्या बियाण्याचंही पीक बुडतं.

२२ मे, रविवार

साळ्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, आली होती. तिच्याकडून कळलं ते साळ्यानं वहीत सांगितलं नव्हतं. तो पैसा पीककर्जाचा होता.

एप्रिलमध्ये सोसायटीत नवं-जुनं केलं. जुनं भरलं, नवं उचललं. पेरणी जूनमध्ये. मधले दीड-दोन महिने पैसा नुसता पडून राहणार. तेवढ्यात दामदुप्पट नाही तरी सवाई होईल, खत-बियाण्याच्या वेळी काढून घेऊ, असा हिशेब. मी त्याला मूर्ख म्हणणार होतो. मग आठवलं की माझ्या एक लाख सत्तर हजारांत साठ हजार माझ्या बायकोच्या बचत गटाचे आहेत. तिनं "घराच्या कामाले" म्हणून कर्ज काढून दिले, हप्ता महिन्याला जातो, आणि तिला मी अजून सांगितलेलं नाही. चूप बसलो.

रात्री वहीत आणखी दोन रकाने आखले. पैसा कुठला. कधी लागणार.

२९ मे, रविवार

दुसरी बैठक. नव्या रकान्यांनी जे झालं ते गुरुजींच्या कागदानं झालं नव्हतं. "आज पुन्हा घेशील का" याला माणूस आशेनं उत्तर देतो. "हा पैसा कोणत्या तारखेला कोणाला द्यायचा आहे" याला आशेनं उत्तर देता येत नाही.

गुरुजी : निवृत्तीच्या रकमेतले, तारीख नाही. "नातवाच्या लग्नाचे समजतो. नातू आत्ताशी चौथीत गेला."

साळा : खत-बियाणं, १५ जून. नंतर सोसायटी, ३१ मार्च. मुदतीत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य, चुकलं तर व्याजही लागतं आणि पुढचं कर्जही अडतं.

भाचा : मेसचे पैसे. तारीख दर महिन्याची एक.

मी : बचत गट, दर महिन्याची दहा.

कालच लुनाची नवी साखळी सुरू झाली, जुन्याला आता क्लासिक म्हणायचं. जुन्या धारकांना थोडे नवे मिळणार म्हणून साळा आशा लावून आहे. "जे मिळेल ते विकून युरियाची गोणी आण," एवढंच मी म्हणालो.

१७ जून, शुक्रवार

पावसाचा पत्ता नाही. मृग कोरडाच चाललाय. धूळपेरणी केलेल्यांचे जीव टांगणीला लागले आहेत.

सोमवारी एका मोठ्या परदेशी कर्जदात्या कंपनीनं ग्राहकांचे पैसे काढणं थांबवलं आणि सगळंच कोसळलं. इथर इथे ८६ हजारांच्या आसपास. माझे एक लाख सत्तर हजार आता त्रेचाळीस हजार.

दिवसभर एकच विचार : अजून अर्धा घेऊ. सरासरी खाली येईल. मग जिनिंगच्या रिकाम्या ऑफिसात बसून खरंच गणित केलं, नुसतं मनात नाही.

अर्धा इथर ८६ च्या भावानं म्हणजे ४३ हजार घातले तर एकूण एक इथर होतो, सरासरी २ लाख १३ हजार. ३ लाख ४० हजारांवरून २ लाख १३ हजारांवर आली, दिसायला किती छान. पण भाव ८६ हजार आहे. मुद्दल सुटायला तो अडीच पट व्हायला हवा. सरासरी १ लाख २० हजारांवर आणायची असेल तर आणखी सव्वातीन इथर, म्हणजे २ लाख ७८ हजार. १ लाख ७० हजार वाचवायला पावणेतीन लाख. आणि ते पावणेतीन लाख कुठून आणणार, तर पुन्हा "कधी लागणार" या रकान्यातून.

दुसरी एक गोष्ट कागदावरच नीट दिसते. पन्नास टक्के पडलं की परत यायला शंभर टक्के वाढावं लागतं. पंचाहत्तर टक्के पडलं की तीनशे. ऐंशी टक्क्यांना चारशे. मालाच्या घटीचा हिशेब मी रोज करतो, तरी स्वतःच्या पैशाचा हा हिशेब पहिल्यांदा मांडला.

घेतलं नाही.

संध्याकाळी भाच्याचा मेसेज : "मामा, लिक्विडेट." बस, एवढाच. दहा पट उधारीवर भाव नऊ-साडेनऊ टक्के विरुद्ध गेला की ठेव जप्त होते, आणि या आठवड्यात तर दिवसाला तेवढं हललं. तो म्हणतो दुसऱ्या दिवशी भाव परत थोडा वर आला होता. आला असेल. उधारीवाल्याच्या नशिबी दुसरा दिवस नसतो.

मेसचे पैसे मी पाठवले. त्याच्या आईला सांगितलेलं नाही.

१ जुलै, शुक्रवार

आजपासून विक्रीवर एक टक्का टीडीएस. एप्रिलपासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहेच.

भाचा अमेरिकन व्हिडिओ पाहून सांगत होता की तोट्यातली नाणी विकून तोटा दाखवायचा, कर वाचवायचा. तिकडे चालत असेल. इथे एका नाण्याचा तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढता येत नाही. लोकसभेत अर्थराज्यमंत्र्यांनी मार्चमध्येच ते स्पष्ट केलं होतं. साळ्याला लुनात १ लाख १० हजार गेले. उद्या दुसऱ्या कशात ४० हजार मिळाले तर त्यावर पूर्ण १२ हजार ४८० भरायचे. सरकारच्या वहीत नफ्याचं पान आहे, तोट्याचं नाही. म्हणून आमच्या वहीत ते पान मोठं आहे.

टीडीएस परताव्यात मिळतो, पण तोवर अडकतो. सारखं विकून-घेऊन नुकसान भरून काढू म्हणणाऱ्यानं वीस वेळा सगळी पुंजी फिरवली तर अठरा टक्के पुंजी नुसती तिकडे जाऊन बसते. नियम लिहिला : विकायचं तर एकदा, कारण लिहून.

२० जुलै, बुधवार

पावसानं जूनचं उट्टं काढलं. वणा नदीला पूर. नदीकाठची शेतं पाण्याखाली, आमचे दोन एकर त्यात. तूर गेलीच, पऱ्हाटी वाचली तर वाचली.

परवा मध्यरात्री घरात पाणी शिरेल म्हणून लोखंडी पेटी माळ्यावर चढवत होतो. पेटीत सातबारा, हिचे दागिने, आणि माझ्या वॉलेटच्या, म्हणजे नाणी ठेवायच्या डिजिटल पाकिटाच्या, किल्लीचे बारा शब्द लिहिलेला कागद. मागच्या महिन्यात इथर ॲपवरून काढून स्वतःच्या वॉलेटमध्ये घेतला होता. बायको बॅटरी धरून होती. "हा कागद कायचा?"

सांगितलं. सगळं सांगितलं, बचत गटाचंही. खाली पाणी चढतंय आणि वर माळ्यावर आमचं हे. ती काही बोलली नाही. नंतर फक्त एवढं विचारलं, "आता किती राह्यले?"

आकडा सांगताना मी "घेतल्याचा भाव" सांगत बसलो. तिनं तोडलं. "मी आताचं विचारलं."

गुरुजींनी ज्यासाठी पंचांग फाडलं ते हिला उपजतच येतं.

१४ ऑगस्ट, रविवार

इथर वर आला आहे, दीड लाखाच्या पुढे. पुढच्या महिन्यात त्यांची वीजखाऊ पद्धत बदलून नवी येणार, त्याची हवा आहे. बचत गटाचे ३८ हजार बाकी. आज पाव इथर विकला तर सगळं फिटतं.

अजून थोडा वर जाऊ दे, मग विकतो.

२८ ऑगस्ट, रविवार

पोळा झाला. पुरात गेलेल्यांनीही बैलांची शिंगं रंगवली, पण बाजारात झुली कमी खपल्या म्हणे.

भाव आणखी वर गेला नाही. उलटा घसरला. वरची नोंद वाचवत नाही. १४ तारखेला वहीत तारीख आणि कारण दोन्ही होतं, मी स्वतःच आखलेल्या रकान्यावर भाव ठेवून बसलो.

आज ०.३५ इथर विकला, १ लाख १८ हजारांच्या भावानं. ४१ हजार ३०० आले, ४१३ टीडीएस गेला. पंधरा दिवसांपूर्वी तेवढ्यातच बारा-साडेबारा हजार जास्त मिळाले असते. उद्या बचत गटाचं खातं बंद करतो. उरला ०.१५ इथर. त्या रकान्यात लिहिलं : पैसा माझा, तारीख नाही.

विकल्यावर झोप लागली. याला आकडा नाही, म्हणून वहीत लिहायला जागाही नाही, समासात लिहितो.

१५ सप्टेंबर, गुरुवार

इथरचा तो बदल आज सुरळीत झाला. भाव पडला. एवढंच.

१२ नोव्हेंबर, शनिवार

कापूस वेचणी जोरात, मजूर मिळत नाही. भाव नऊ हजारांच्या आसपास. सगळ्या गावाच्या डोक्यात मागच्या मेचे बारा हजार. बाबांनी पहिल्या वेच्याचा कापूस विकला नाही, मधल्या खोलीत भरला.

काल एफटीएक्स या परदेशी क्रिप्टो बाजारानं दिवाळखोरीचा अर्ज केला. ६ तारखेला प्रतिस्पर्धी बायनान्सच्या प्रमुखानं आपल्याकडचं एफटीएक्सचं नाणं विकणार असं जाहीर केलं, ८ ला बायनान्स एफटीएक्सच विकत घेते म्हणाली, ९ ला नाही म्हणाली, ११ ला खेळ खलास. पाच दिवस. बिटकॉइन १६ हजार डॉलरच्या घरात. गुरुजींच्या पन्नास हजारांचे साडेतेरा हजार.

मी विचारलं, "गुरुजी, काय करायचं?"

म्हणाले, "नातू अजून चौथीतच आहे."

एक मात्र केलं. त्यांचं बिटकॉइन ॲपवर पडलं होतं, ते त्यांच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये काढायला लावलं. भाव पडणं वेगळं आणि ठेवणाराच बुडणं वेगळं. अडत्याकडे ठेवलेला माल आणि अडत्याच्या वहीत लिहिलेला माल यातला फरक आमच्याकडे कोणाला समजवावा लागत नाही. बारा शब्द गुरुजींनी सुवाच्य अक्षरात दोन कागदांवर लिहिले, एक लेकीकडे दिला. लेकीला सांगितलं, हा मंत्र आहे, कोणाला सांगू नको. तिनं खरंच देवघरात ठेवला.

मधल्या काळातलं साळ्याचं : खत उधारीवर घेतलं, कृषी केंद्रवाल्यानं रोखीपेक्षा चढ्या दरानं लावलं. म्हणजे लुनाचा तोटा १ लाख १० हजारांवर थांबला नाही. तो युरियाच्या बिलातही आहे.

२२ जानेवारी २०२३, रविवार

बिटकॉइन २२ हजार डॉलरच्या वर. भाचा पुन्हा उधारीच्या ॲपवर दिसला. पाच पटच, म्हणे.

मधल्या खोलीत आता अठ्ठावीस क्विंटल कापूस. भाव साडेआठच्या खाली. मी जिनिंगमध्ये बसतो, मला रोज दिसतं : गाठींना गिऱ्हाईक नाही, सूतगिरण्या थंड. न्यूयॉर्कचा वायदा मागच्या मेमध्ये पौंडाला दीड डॉलर होता, ऑक्टोबरअखेर त्याच्या निम्म्यावर आला. मागच्या वर्षीचे बारा हजार या वर्षी कुठून येणार? बाबांना सांगितलं.

"नऊचे साडेआठ झाले तवा नाही विकला, आता आठले विकू काय? घरातलाच तं आहे. खात नाही, पीत नाही."

माझ्याच तोंडचं वाक्य. फक्त माझ्या वाक्यात ॲप होतं.

२ एप्रिल, रविवार

साळ्यानं ३१ मार्चच्या आत सोसायटी भरली. तूर, दोन बोकडं आणि बायकोची एकदाणी. नवं उचलून आणलं तेव्हा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊजी, हे पैसे तुमच्या वहीत लिहा. तारखेसकट." लिहिले. वही कुलपात ठेवा म्हणाला, जणू पैसे वहीतच आहेत.

मार्चमध्ये अमेरिकेत बँका बुडाल्या आणि डॉलरला बांधलेलं यूएसडीसी नावाचं नाणंही दोन दिवस ८८ सेंटपर्यंत घसरलं, मग परत एकावर आलं. साळ्यानं मला फोन करून विचारलं, "हे छापते काय?" नाही, मागे रोख आणि सरकारी रोखे असतात, त्यातला काही भाग बुडीत बँकेत अडकला होता, असं सांगितलं. "मंग ठीक," म्हणाला. घेतलं मात्र नाही. वर्षभरापूर्वी त्यानं हा प्रश्न विचारला असता तर ही वही कदाचित नसती.

७ मे, रविवार

कापूस साडेसातच्या आसपास. मधल्या खोलीत झोपायचं बंद झालं. साठवलेल्या कापसातून बारीक किडे निघतात, पोरांच्या अंगावर पुरळ, रात्रभर खाज. आई ओसरीत झोपते. गावात अर्ध्या घरांत हेच. डॉक्टरकडची रांग पाहून कळतं कोणाकोणाच्या घरी कापूस आहे.

रात्री वही काढली आणि नवं पान केलं. काय घेतलं : कापूस, अठ्ठावीस क्विंटल. आज किती : ७,५००. बाबांना समोर बसवलं.

"बाबा, हा पैसा कधी लागते?"

"कधी म्हंजे? रोहिणी लागली की बियाणं. खत."

"म्हंजे पंचवीस तारीख."

बाबा वहीकडे पाहत राहिले. त्यांना वाचता येतं, पण चष्मा लावला नाही. "मागल्या वर्षी बारा होता," म्हणाले.

मी वहीच्या पानांत पाहिलं. गुरुजींनी ठेवलेला पंचांगाचा कागद अजून तिथेच होता. तो त्यांच्या समोर ठेवावा असं वाटलं, पण ठेवला नाही. बापाला असं शिकवता येत नाही.

१२ मे, शुक्रवार

पहाटे ट्रॅक्टर आला. बाबा स्वतः उठून खोली उघडायला गेले, मला हाक मारली नाही. अठ्ठावीस क्विंटल भरला होता, काट्यावर सत्तावीस क्विंटल दहा किलो निघाला. वाळला. भाव ७,४०० मिळाला. नोव्हेंबरच्या नऊ हजारांशी हिशेब केला तर घट धरून ५१ हजार ४६० कमी आले. मी तो आकडा वहीत लिहिला, बाबांना सांगितला नाही.

परत येताना बाजार समितीच्या फाटकाबाहेर चहा घेतला. बाबांनी बिलाची चिठ्ठी घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि विचारलं, "तुये ते काय राह्यलं, पंधरा पैसे का काय?"

"०.१५ इथर."

"किती येते त्याचे?"

"आज बावीस हजार."

"लागते काय कोठी?"

"नाही."

"मंग राहू दे," म्हणाले, आणि चहाचे पैसे त्यांनी दिले.

घरी आल्यावर हिनं आणि आईनं मिळून मधली खोली धुतली.